ससा चालूच होता

माझ्या नाकावर राग असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात या रागाचा वाटा मोठा आहे आणि मला तो लपवायचा नाही.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दिवसभर गल्लीत उंडारणारी, कुणाचं न ऐकणारी पोर. पण दिवेलागण झाली की माझ्या गाऊनचं टोक धरून फिरायची. जिना उतरायचा तर भिंतीला हात लावून. कोपऱ्यावरून कोथिंबीर आण म्हटलं तर सकाळी धावत जायची आणि संध्याकाळी "नको ना गं" म्हणून बसून राहायची. आम्ही तिला भित्री भागूबाई म्हणायचो, मग शेजारणीही म्हणायला लागल्या. खाटेचा कोपरा लागून तिच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या. सासूबाई तेल चोळायच्या आणि चोळता चोळता बोलायच्या, "डोलं असून आंधली हाय ही कार्टी!" त्या गणेशपुरीकडच्या, त्यांच्या तोंडी असलं काहीबाही रोजचंच. मी लक्ष दिलं नाही.

आमचं घर निजामपुऱ्याच्या मागच्या बाजूला. वर दोन खोल्या आणि खाली सासऱ्यांचे लूम, म्हणजे कापड विणायचे माग. सासरे गेले, लूम भाड्याने दिले, पण चालू आहेत, दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही. माझे वडीलही लूमवरच होते, त्यामुळे मला त्या खडखडाटाचं काही वाटत नाही. लूमच्या खोलीत कुणी कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. दाढीवरून हात फिरवला की शेठ आला, कामाला लागा. ही भाषा जिना चढून आमच्या घरात आली आणि इथेच राहिली. मी स्वयंपाकघरातून हात हलवला की मुलीला कळायचं: जेवायला ये, दार बघ, आजीला उठव. बोलायला लागायच्या आधी ती हातांनी पाणी मागायची. मुठीवरून जीभ फिरवायची, म्हणजे आईस्क्रीम. ती खूण तिची स्वतःची, तिनेच काढलेली.

आतल्या खोलीत ती आणि सासूबाई झोपायच्या, बाहेर आम्ही दोघं. आत झिरोचा बल्ब होता. मुलगी म्हणायची, अंधार आहे. ट्यूबलाईट लावली की सासूबाई म्हणायच्या, लगीनघर हाय का? रोज रात्री हीच कटकट. शेवटी नवऱ्याने मोबाईलवर बघून शोध लावला. पांढरा-निळा उजेड झोप घालवतो म्हणे. लहान मुलांना पिवळट, मंद दिवा हवा, जमिनीच्या जवळ ठेवलेला आणि दिसायला गोजिरवाणा, म्हणजे त्यांना सोबत वाटते. नवरा पूर्ण्याला गोडाऊनमध्ये कामाला. तिथे रस्त्याकडेला परत आलेला माल ढिगाने विकणारं एक दुकान आहे. एका रविवारी आम्ही तिघं तिकडे गेलो.

एवढे दिवे! मी मेलीने कधी पाहिले नव्हते. एक बदक होतं, पण त्याचा उजेड पांढराफटक. एक चंद्र होता, तो निळा. एक डबा छतावर चांदण्या फिरवायचा. म्हटलं, नको बाई, सासूबाईंना चक्कर येईल. आणि एक ससा होता. मऊ रबराचा, गुबगुबीत, डोळे मिटलेला. पाठीवर थोपटलं की पेटायचा. पुन्हा थोपटलं की थोडा मोठा, तिसऱ्यांदा आणखी मोठा, चौथ्यांदा बंद. उजेड केशरी. मी तो हाताच्या ओंजळीत धरला आणि मलाच झोप यायला लागली. मुलीने तो छातीशी घेतला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "चला, सुटलो एकदाचे."

त्या रात्री ससा तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला, थोपटला, ट्यूबलाईट बंद केली. खोली काय छान दिसत होती! सासूबाईंची गोधडी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं केशरी. मी विचारलं, "आवडला का?"

ती म्हणाली, "ससा दिसतो. पण त्याचा उजेड कुठाय?"

आम्ही तिघेही हसलो. नवरा म्हणाला, "बघा, काय प्रश्न विचारते! वकील होणार ही." मी सशाला आणखी एकदा थोपटलं. तिने पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, नाटकं पुरे, डोळे मीट आणि झोप.

आठवडा असाच गेला. मग ती रात्र आली. सासूबाई गोळी घेऊन नुकत्याच झोपल्या होत्या. दूध प्यायचं राहिलंय म्हणून मी आतल्या दारात उभी राहिले. आवाज दिला तर सासूबाई उठल्या असत्या. ससा चालूच होता. मुलगी दाराकडे तोंड करून पडली होती, डोळे टक्क उघडे. मी हाताने खूण केली, ये. ती हलली नाही. पुन्हा केली. माझ्याकडे बघत होती, सरळ माझ्याकडे, आणि कूस बदलून भिंतीकडे वळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर राबून ही किंमत! तशीच आत गेले आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

ती दचकून उठली. रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आई, तू कधी आलीस?"

मी म्हटलं, "वर तोंड करून बोलतेस?" आणि दंडाला धरून तिला दुधाकडे नेलं.

ते वाक्य मात्र माझ्या मागे लागलं. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना आठवलं. कपडे वाळत घालताना आठवलं. तू कधी आलीस. सहा वर्षांची पोर इतकं साळसूद खोटं बोलेल? आणि खोटं नसेल तर? मी ते मनातून झटकायला गेले, पण काही केल्या जाईना.

त्या संध्याकाळी सासूबाई बाहेर टीव्हीसमोर होत्या. मी मुलीला आत लवकर निजवलं, ट्यूब बंद केली, सशाला एकदा थोपटलं आणि जाते म्हणून दारात येऊन उभी राहिले. खाली लूम चालू होते, माझं पाऊल तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. आमच्यात चार हातांचं अंतर. सशाचा उजेड माझ्या मनगटापर्यंत येत होता, मला माझ्या बांगड्या दिसत होत्या. मी मुठीवरून जीभ फिरवली.

ही खूण केल्यावर तिने उडी मारली नाही असं कधी झालं नव्हतं. ती माझ्याकडे तोंड करून सशाचे कान चाळवत पडली होती. काही नाही.

मी पुढे गेले, "झोप हं" म्हणत सशाला दुसऱ्यांदा थोपटलं, परत दारात आले. पुन्हा तीच खूण. काही नाही. तिसऱ्यांदा थोपटलं. आता तर मला कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. मी येड्यासारखी मुठीवरून जीभ फिरवत राहिले, एकदा, दोनदा, पाच वेळा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती सशाला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मग मूठ तोंडाशीच ठेवून मी दुसरा हात भिंतीवर नेला आणि ट्यूबचं बटण दाबलं.

ती टुणकन उठून बसली. "आईस्क्रीम? आत्ता? खरंच?"

मी तिथेच उंबऱ्यावर खाली बसले.

ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घालून तासभर तपासलं. आणखी तपासण्या लिहून दिल्या. म्हणाल्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं दिसतंय. रात्रीची नजर आधी जाते, मग बाजूची कमी होऊ शकते. किती आणि कधी, ते आत्ताच सांगता यायचं नाही. मी विचारलं, "गोळ्या?" त्यांनी नाही अशी मान हलवली. मग म्हणाल्या, "घरात कुणाला असा त्रास होता का?" नवरा म्हणाला, नाही, कुणालाच नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "माजा धाकला भाव. सांज झाली का घराला यायचा, मंग बाहेर न्हाय. आमी त्याला कोंबडा म्हनायचो. कोंबडा खुराड्यात गेला, म्हनून हसायचो."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. पुढं दिसाचाही दिसंना त्याला. माजा पोरगा जनमायच्या आदीच गेला तो."

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. इतकी वर्षं गप्प का बसलात, असं ओरडावंसं वाटलं. पण कुणाच्या तोंडाने ओरडणार? भागूबाई मीच म्हणत होते. आणि धपाटा माझ्या हाताचा होता.

पुढच्या तपासण्यांची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या दिवसांत मी घरात दिवे लावत सुटले. जिन्यात एक, मोरीत एक, खाटेच्या खाली एक. ट्यूबलाईट रात्रभर जळू लागली आणि सासूबाई चेहऱ्यावर पदर घेऊन, एक शब्द न काढता झोपू लागल्या. ससा स्टुलावर तसाच राहिला.

एका संध्याकाळी, आम्ही जेवून उठत होतो तेवढ्यात, सगळ्या भागाची लाईट गेली. खालचे लूम एकदम थांबले. त्या शांततेचं मला लहानपणापासून भय वाटतं. लूम थांबले की कुठेतरी काहीतरी बिघडलंय, हे आम्हाला कानाने कळतं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मी घाबरून हाका मारायला लागले, "कुठायस गं? हलू नकोस! आहेस तिथेच बस!" नवरा मोबाईल चाचपडत होता. माझा हात लागून ताट उपडं झालं. मला रडू कोसळलं, आणि या वेळी मी ते आवरलं नाही.

तेवढ्यात माठावरचं झाकण वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. पावलं आली, न अडखळता, ताट जिथे वाजलं होतं तिथून वळसा घालून. एका लहान हाताने माझा हात शोधला, बोटं उघडली आणि त्यात पेला ठेवला.

"घे. सांडू नकोस."

मी म्हटलं, "तू इथपर्यंत आलीस कशी?"

"मी रोज अशीच येते, पावलं मोजून," ती म्हणाली. मग आत गेली, स्टुलावरून काहीतरी उचललं आणि परत येऊन माझ्या मांडीवर ते मऊ रबर ठेवलं. "तुला भीती वाटते ना, मग ससा तू घे. मला नाही लागत."