दावणीचा म्हातारा बैल

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेल्या ओल्या रंगाचा वास आला, की मला आमची पहिली मोटारसायकल आठवते. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मलकापुरात गाड्या विकणारे दोघे होते. पहिला शंभर रुपयांनी स्वस्त द्यायचा, वर चहाही पाजायचा. काका म्हणाले, "दादा, गाडी तेच, मंग जास्तीचे पैसे काऊन द्यायचे?" वडील पहिल्या दुकानाच्या मागे गेले. तिथे दुरुस्तीला आलेल्या गाड्यांवर कोंबड्या बसल्या होत्या आणि तिसरा हेलपाटा घातलेलं एक गिऱ्हाईक पायरीवर ताटकळत होतं. दुसऱ्या दुकानामागे मालक स्वतः गोणपाटावर बसून एका शेतकऱ्याला जुन्या गाडीचा प्लग कसा पुसायचा ते दाखवत होता. वडील म्हणाले, "विकायच्या बैलाले कोणीबी सजवते. आपुन विकणाऱ्याच्या दावणीचा म्हातारा बैल पाहावा." त्यांनी महागातली घेतली, काकांनी हट्टानं स्वस्तातली. पुढच्या पोळ्याला काकांची गाडी मलकापुरात कोंबड्यांखाली होती. आमच्या गाडीच्या हँडलला वडिलांनी बेगड चिकटवलं, बैलांच्या रांगेशेवटी ती उभी केली आणि पहिल्याच किकला ती अशी गरजली, की आमचं अख्खं धामणगाव बढे वळून पाहू लागलं. मागच्या सीटवर बसताना काका पुटपुटले, "हाव दादा, पाह्यली मी बी दावण." परवा नातवाला गाडी घ्यायला गेलो. तो किंमत विचारत होता, आणि मी दुकानाचं मागचं दार.