पाचवा बर्नर

कुंडलातल्या आमच्या शेजारच्या राजेश्वरीवहिनींनी स्वयंपाकघर नवं करायला काढलं, ते आष्ट्याच्या धाकट्या जावेमुळं. पूजाकडं चार बर्नरची काचेची शेगडी आली होती. तेव्हापासून वहिनींना अन्न गोड लागेना. सांगलीच्या दुकानात त्यांनी आच बघितली नाही, कंपनी विचारली नाही. "पाच बर्नरची दावा," एवढंच म्हणाल्या.

शेगडी बसली. पहिलं दूध उतू घालवायला मुद्दाम पूजाला बोलावलं. दूध काचेवर पसरत होतं आणि वहिनी जावेचं तोंड न्याहाळत होत्या.

पूजा म्हणाली, "लय झ्याक हाय, ताई. माजी तर नुसती पडलीय. उभ्यानं भाकरी थापाया जमतंय व्हय? जुनीच शेगडी खाली मांडून बसते."

वहिनींनी आपली जुनी शेगडी कालच भंगारात घातली होती.