एका गुणाने हरलो, बरं झालं

सिंगापूरला निघाले तेव्हा मुंबई विमानतळाच्या दाराशी आईने मला मिठी मारून मनसोक्त रडून घेतलं. बाबा माझ्या ट्रॉलीच्या चाकाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "हे चाक अडकतंय. दुसरी घे." बाबांचा निरोप तो एवढाच.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये आम्ही रुळलो. लेक इरा घरात मराठी ऐकते आणि उत्तरं इंग्लिशमध्ये देते. मी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर न अडखळता कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवते. बाबा मात्र फोनवर तसेच राहिले. "बरी आहेस ना? आईला देतो." तुमच्यापैकी जे बाहेर पडलात त्यांना हे वाक्य पाठ असेल. जे मागे राहिलात त्यांनी ते कितीदा म्हटलंय, जरा आठवून बघा!

अपवाद फक्त कबड्डीच्या मोसमाचा. पुण्याच्या संघाचा सामना असला की बाबा बोलायला लागतात ते थांबत नाहीत. इकडे टीव्हीसमोर आम्ही, तिकडे ते, मध्ये व्हिडिओ कॉल. सामना संपेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही, हा त्यांचा नियम. जागा सोडली की संघ हरतो म्हणे. आणि अटीतटीच्या वेळी त्यांनी फोन म्यूट ठेवायचा, हा आमचा. कारण आमच्या ॲपवर चित्र अर्धा मिनिट उशिरा पोचतं.

यंदा उपांत्य सामन्यात दोन्ही नियम मोडले. गुण बरोबरीत, आणि शेवटची चढाई आपली. आपला गडी नुसता परत आला असता तरी जीव भांड्यात पडला असता. नेमका तेव्हाच इथे पाऊस आला आणि माझा नवरा निखिल खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले टॉवेल काढायला उठला. आमच्या पडद्यावर आपला गडी मध्यरेषा ओलांडतो न ओलांडतो, तोच फोनमधून बाबा ओरडले, "गेली! धरला त्याला!"

"आजोबा, नो स्पॉइलर्स लाह!" इरा तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये किंचाळली. मग निकाल ठाऊक असूनही आम्ही हात जोडून ती चढाई पाहिली. व्हायचं तेच झालं.

"निखिलराव उठलेच कशाला?" बाबा कडाडले.

"अहो, जावयाला काय बोलताय!" मागून आई.

पंच, प्रशिक्षक, आमचे टॉवेल, सगळ्यांचा उद्धार करून बाबांनी फोन ठेवला. इराने रागाने उशी फेकली. माझाही संताप झाला होता, पण त्याहून जास्त मी धास्तावले होते. मोसम संपला, म्हणजे आता पुढच्या वर्षापर्यंत बाबांचं बोलणंही संपलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. हार्बरफ्रंटच्या ऑफिसला जायला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसले आणि फोन वाजला. बाबा! पुण्यात तेव्हा जेमतेम उजाडलं असेल.

"आई बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? मला सांग, तो डावीकडून कशाला शिरला? उजवा कोपरा मोकळा होता!"

मी त्यांचं म्हणणं मुद्दाम खोडून काढलं. ते आणखी पेटले. गाडी बदलली तरी आमचं भांडण चालूच. जिंकलो असतो तर त्यांनी पेढे वाटले असते आणि विषय मिटला असता. हरलेला सामना मात्र कितीही दिवस पुरतो. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "दमतेस का गं, रोज एवढं लांब जाऊन?" हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

मग घसा खाकरून म्हणाले, "उद्याही याच वेळेला गाडीत असतेस ना?"

उद्या शनिवार, मला सुट्टी. तरी मी "हो" म्हणाले. आणि शनिवारी सकाळी काहीही काम नसताना गाडीत जाऊन बसले. घरून बोलता आलं असतं, कळतं मला. पण उगाच जागा कशाला सोडा? सध्या माझं माहेर त्या गाडीतच आहे.