केबिनचं मागचं दार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, ती गेली, तिला न सांगताच. आता ऐंशी ओलांडली, तरी हे लिहिताना मी मागे वळून पाहतो. कोण उभं असणार?

छप्पन-सत्तावन्न साल असेल. चिंचवडजवळच्या माळावर काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. फाटकावरच्या केबिनमध्ये मी हजेरी घ्यायचो. बाटल्या तपासायला बायका होत्या. सखू सकाळच्या पाळीला, तिची शेजारीण हमीदा दुपारच्या. सखूची दोन वर्षांची शांता सकाळभर हमीदाकडे. हमीदाचा शाळकरी मुलगा संध्याकाळी सखूकडे. दोघींची भेट व्हायची ती आत, कामावर—एकीनं उठावं, दुसरीनं त्याच जागी बसावं, एवढीच. आणि तेवढी दहा मिनिटं, हमीदा आत गेल्यापासून सखू बाहेर येईपर्यंत, शांता माझ्या केबिनमध्ये.

फाटकात मूल आणायला सक्त मनाई होती. मग मी हो का म्हणालो? त्या मला भाऊ म्हणायच्या. परगावात तसं म्हणणारं दुसरं कोण होतं? सखू रोज फडक्यात भाकरी ठेवायची आणि जाताना हसायची, "आज पोरीनं नीट सांभाळलं न्हवं तुमाला?"

त्या दिवशी साहेबांची मोटार अवेळी आली. मी अजून कायम झालो नव्हतो. मी शांताला मागच्या दारानं बाहेर ठेवलं आणि कडी घातली. दोनच मिनिटं—असं म्हटलं मनाशी. ती दार थापटत होती. मला ऐकू येत होतं. मग थापटणं थांबलं, आणि—कसं लिहू?—मला बरं वाटलं.

मागे बांधकाम चाललं होतं. तिथं चुना भिजवलेला खड्डा होता.

पोर वाचली. उजवा डोळा गेला.

सखूनं मला विचारलं तेव्हा साहेब शेजारीच उभे होते. "भाऊ, हमीदानं पोर दिली व्हती का तुमच्याकडं?"

"नाही," मी म्हणालो. "आज दिलीच नाही."

हमीदा पुढं आली. "अल्ला की कसम, भाऊ, तुमच्या हातात दिली की मी! बोला ना!"

मी हजेरीच्या वहीत पाहत राहिलो. सखूनं तिला शिवी दिली नाही. फक्त पाठ फिरवली. महिन्याच्या आत हमीदा मुलाला घेऊन निघून गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. पण ती फाटकात येऊन उभी राहील आणि पुन्हा म्हणेल, "बोला ना"—ही धास्ती पुढं कित्येक वर्षं पाळी बदलायच्या दोनच्या भोंग्याबरोबर यायची.

सखू पुन्हा कामावर आली त्या दिवशी जाताना फाटकाबाहेर उभ्या दुसऱ्या शेजारणीकडून शांताला घेऊन केबिनशी थांबली. तिनं केबिनमध्ये भाकरी ठेवली. "तुमी खरं बोलला, भाऊ," म्हणाली. शांता मात्र आत यायला तयार नव्हती. आईचं लुगडं घट्ट धरून ती मागच्या दाराकडे बघत होती.

मी कायम झालो. भाकरी रोज येत राहिली. मी ती खात राहिलो.