मिठाच्या गोदामातले हात

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कोणी असलं काही सांगायला लागलं की टर उडवणाऱ्यांत मी पहिला. पण हे माझ्या धाकट्या भावाच्या, निल्याच्या बाबतीत घडलं... आणि मान मी हलवली होती.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पेणमध्ये आमचा हार्डकोर पंक बँड होता — निल्या गायचा, म्हणजे किंचाळायचा, मी गिटार, सॅमसन ड्रम्सवर. आजूबाजूला भजनी मंडळं आणि ऑर्केस्ट्रा, त्यात आम्ही! लोक वेड्यात काढायचे, तरी बँड बरीच वर्षं टिकला. ऐकायला यायची ती जवळच्या एका कंपनीत कंत्राटावर लागलेली पोरं. शेवटच्या गाण्यात निल्या पब्लिककडे पाठ करायचा आणि मागे न बघता अंग टाकून द्यायचा. पोरं वरच्या वर झेलायची, फिरवून परत स्टेजवर आणून द्यायची. खाली पुरेसे हात आहेत का ते मी बघायचं, मान हलवायची, मगच त्याने पडायचं — हा आमचा नियम.

त्या दुपारी गडबच्या पुढे, खाडीकडच्या एका रिकाम्या मिठाच्या गोदामात शो होता. सकाळी आम्हीच ते झाडून, धुऊन घेतलं होतं. स्टेज पुरुषभर उंच, खाली दगडी फरशी. आत अंधार, आणि समोरच्या दारातून ऊन डोळ्यांवर येत असल्यामुळे चेहरे दिसत नव्हते. शेवटच्या गाण्यात माझी तार तुटली म्हणून मी खाली वाकलो. वर बघितलं तर निल्या पाठ करून तयार... आणि त्याच्यामागे दारापर्यंत नुसते हात. एवढी गर्दी आम्हाला कधीच झाली नव्हती. मी खूश होऊन मान हलवली.

निल्या पडला. हातांनी त्याला झेललं आणि वरच्या वर मागे नेलं. मागे... आणखी मागे. परत आणेनात.

सॅमसन वाजवायचा थांबला. "अरे, हा पडला कुणावर? खाली कोण नाय!"

"एवढी पोरं हायत की—"

"कंपनीची सेकंड शिफ्टची बस आली, हॉर्न वाजला तशी सगळी पळाली. तू तार बघत होतास!"

मी परत बघितलं. गोदाम रिकामं होतं. निल्या पार दाराच्या उंबऱ्याशी उताणा पडला होता, डोकं बाहेर, खाडीच्या बाजूला. खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्याला उठवलं तर काळ्या टी-शर्टच्या पाठीवर मिठाचे पांढरे पंजे उमटलेले.

त्यानंतर ते पडणं बंद केलं. पुढे कधीतरी रोह्याला, वरसेतल्या एका हॉलमध्ये शो होता. समोर जेमतेम वीस पोरं. शेवटच्या गाण्यात निल्याने अचानक पाठ केली... आणि त्या पोरांच्या मागे, भिंतीपर्यंत, परत ते हात. गिटार टाकून मी त्याचा दंड धरला. अंग गार पडलं होतं त्याचं. मागे वळून त्याने बघितलंच नव्हतं, तरी हळूच म्हणाला, "दादा... आलेत ना?"

ते कोण होते, त्याला कसं कळलं, मला आजवर उलगडलेलं नाही. निल्या आता माझ्याशेजारीच राहतो, संसारात आहे. पण त्याने चहा घेणार का विचारलं तरी मी तोंडाने हो म्हणतो. त्याच्यासमोर मान हलवत नाही.