तळ्याकाठची रस्सीखेच

हसू नका म्हणून उपयोग नाही, तेव्हा आधी पोटभर हसून घ्या आणि मग ऐका!

आमच्या वसईत तळ्याकाठी मोठा चौक झालाय ना, त्याला लागून ते सभागृह आहे. नुसतं काँक्रीट! ना प्लास्टर, ना रंग. खाली उंच उंच खांब आणि वर इमारत अधांतरी. मला आपलं वाटायचं, काम अर्धवट सोडून कंत्राटदार पळाला असेल. लेक म्हणाली, "बाबा, ही आधुनिक वास्तुकला आहे. बोलू नका कुठे!"

तर त्या खांबांच्या सावलीत दर वर्षी रस्सीखेच होते. आमची सोसायटी विरुद्ध पाचूबंदरचे कोळी. ते रोज समुद्रातून जाळी ओढणारे, आम्ही रोज माउस सरकवणारे. निकाल वेगळा सांगायला हवा का? एकदाही जिंकलो नव्हतो. याही वर्षी हरलो तर टीम बंद, असं आमच्या कॅप्टन सुहासने जाहीरच केलं होतं.

मला सगळ्यात शेवटी उभं केलं. कारण पोट! दोर कमरेला बांधला, तरी मागे बराच उरला. होडीचाच दोर तो. कोणाच्या पायात आला तर? मला पसारा अजिबात खपत नाही हो. मी तो मागच्या खांबाला गुंडाळला आणि छान गाठ मारून टाकली.

पंच म्हणून आलेल्या शाळेच्या पीटीच्या मॅडमनी शिट्टी फुंकली. दोर पोटात असा रुतला की विचारू नका. पण मी जागचा हललो नाही! पुढे आमची सगळी टीम लटपटतेय आणि मी ठाम. म्हटलं, एवढी ताकद आणि उभा जन्म ऑफिसात वाया घालवला!

"आरं, यो मानूस हाय का नांगर?" त्यांचा कॅप्टन बस्त्याव ओरडला. "ओढा रं, ओढा!"

शेवटी त्यांचेच हात सुटले आणि सगळे धपाधप बसले. जिंकलो!

चौघे मला खांद्यावर घ्यायला धावले. उचललं, आणि मी मध्येच अडकलो.

"वजन बघा काय आहे!" सुहास म्हणाला. "लावा जोर!"

"अरे, कंबर! माझी कंबर!"

बस्त्याव मागे जाऊन बघून आला. "गाठ झ्याक मारलीय काकांनी. पन म्हंजे आमी मगापासून हॉल ओढत व्हतो?"

मॅडमनी निकाल रद्द केला. सामना पुन्हा, दोन्हीकडचा एकेक गडी कमी, आणि आमच्याकडून बाहेर अर्थातच मी. अशी लाज वाटली की तळ्यात उडी मारावी!

पण थांबा! कोळी आधीच दमलेले, त्यात हसून हसून हातातला जोर गेलेला. आमच्या पोरांनी त्यांना शिट्टीसरशी ओढलं. जिंकलो, या खेपेला खरंच जिंकलो! मी चौकभर नाचलो. त्यांना दमवलं कोणी? मीच ना?

टीमही उपकार विसरली नाही. लगेच हार मागवला. विजयाचा फोटो सोसायटीच्या फळ्यावर लावलाय, या कधी बघायला. दोन्ही बाजूंना आमची पोरं आणि मधोमध हार घातलेला खांब.

मी कुठेय? अहो, फोटो काढायला कोणीतरी लागतंच ना!