दाखला देणारे वकीलसाहेब

बीदरकडच्या निर्णा गावची वच्छलाबाई माझी आत्या. ऐन उमेदीत विधवा होऊन माहेरी आली आणि गावातल्या पोरींना मराठी शिकवू लागली. निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय खासगी शाळा काढणं हा गुन्हा, आणि मराठी शाळेला परवानगी मागणं म्हणजे रेड्याकडं दूध मागणं. म्हणून आत्या शाळेला शाळा म्हणतच नसे. दुपारी ओसरीवर पोथी लावायची, भोवती पोरी बसवायच्या. पोथीच्या चार ओळी वाचून झाल्या की पाटावर पसरलेल्या धुळीत अक्षरं गिरवणं सुरू. कुणाची चाहूल लागली की तळहात फिरवला, अक्षर पुसलं, पोथी पुढं चालू.

सरकारला संशय आला आणि त्यानं आत्यावर एक खुफिया बसवला. मल्लप्पा त्याचं नाव. हा एवढा गुप्त हेर, की हुमनाबादेहून येणाऱ्या गाडीतून उतरला की गावच त्याला आमच्या घराची वाट दाखवायचं. पण पोथी ऐकायला आलेल्याला हाकलू नये, अशी आमच्याकडची रीत. ऐकणाऱ्यानंही प्रसाद घेतल्याशिवाय उठू नये. मल्लप्पा खांबाला टेकून सगळं पाहायचा, ऐकायचा आणि गूळशेंगदाणे खायचा. पोथीचा प्रसाद खाऊन पोथीवालीचं वाईट केलं तर अंगात किडे पडतील, अशी त्याची पक्की समजूत. म्हणून ठाण्यात अमीनसाहेबांपुढं, म्हणजे फौजदारांपुढं, तो दर खेपेला एकच जबानी द्यायचा, बाई पोथी वाचते. यात त्याचं शौर्य काही नव्हतं. पगार सरकारचा आणि गूळ आमचा, असा त्याचा दुहेरी संसार. पण शाळा चालली होती.

तरी आत्याला घोर होताच. ती माझ्या वडिलांना म्हणायची, "हणमंतअण्णा, ह्याची बदली झाली अन् प्रसाद न खाणारा दुसरा आला, तर?"

म्हणून वडील बीदरच्या नरहरराव वकिलांकडं गेले. सरकारनं त्यांना हैदराबादच्या कायदे कौन्सिलात नेमलं होतं. लोकांनी निवडलेले नव्हते ते, लोकांना तेवढी अक्कल होती. कौन्सिलात बसून त्यांनी तोवर दोनच गोष्टी केल्या होत्या, शेरवानी शिवली होती आणि माना डोलावल्या होत्या. वडील म्हणाले, "सरकार रयतेवर चोरून पाळत ठिवायलंय. ह्याचा जाब कुणीतरी इच्यारावा. पर आमचं नाव नगं, वकीलसाहेब. नाव निघालं की शाळा बुडाली."

"हणमंतराव, मी काय खुळा हाय?" वकील म्हणाले.

या प्रश्नाचं उत्तर वडिलांनी तिथंच द्यायला हवं होतं.

पुढची हकीकत खुद्द वकिलांनीच बीदरभर सांगितली, म्हणून आम्हाला कळली. त्यांनी कौन्सिलात सवाल केला, सरकार रयतेच्या मागं खुफिया लावतं हे खरं काय? सरकारी अधिकारी शांतपणे उठले आणि म्हणाले, असं काही होत नाही, सभासदांपाशी एखादा दाखला असेल तर सांगावा. झालं, वकिलांच्या अंगात आलं. जन्मभर कोर्टात दाखला मागितला की तो हजर करायचा, एवढंच त्यांना ठाऊक. ते म्हणाले, निर्ण्याची वच्छलाबाई बिचारी पोथीच्या नावाखाली मराठी शाळा चालवते, तिच्यावर खुफिया बसवलाय. भाडोत्री हेरानं जे झाकलं, ते आमच्या कैवाऱ्यानं भर सभेत उघडं केलं, आणि तेही अस्खलित उर्दूत. अधिकाऱ्यांनी नाव-गाव नीट टिपून घेतलं.

वकील बीदरला पोचायच्या आत अमीन निर्ण्यात पोचले. पोथी नेली, पाट नेला, ओसरीकडच्या दाराला कुलूप घातलं. मल्लप्पाला ठाण्यात बडवून नोकरीवरून काढलं. पोरींचे बाप घाबरले. माझी थोरली बहीण अन्नपूर्णा ओळीवर बोट ठेवून पोथी वाचायला लागली होती, तिला त्याच उन्हाळ्यात लग्न लावून कडगंचीला देऊन टाकली.

मग वकीलसाहेब निर्ण्याला आले. कुणी हार आणतंय का, म्हणून आधी इकडंतिकडं बघितलं.

"वच्छलाबाई, कौन्सिलात तुमचं नाव गाजायलंय," ते म्हणाले.

"मल्लप्पानं पोटात ठिवलं, तुमाला ठिवता आलं न्हाई," आत्या म्हणाली. "आमी मातर उगं खुफियालाच भ्यायलो."

"पर सवाल तर केला का न्हाई?"

"व्हय. जवाब दाराला लटकायलाय, बगा की."

"मी सोडणार न्हाई. पुढल्या बैठकीत फिरून इच्यारतो."

"नगा, वकीलसाहेब. पाया पडते तुमच्या." आणि जन्मात कुणापुढं न वाकलेली माझी आत्या त्या माणसापुढं खरंच वाकली.

त्यांनी विचारलंच. निर्ण्याची शाळा सरकारनं का बंद केली? तेच अधिकारी त्याच शांतपणे उठले. म्हणाले, आम्ही चौकशी केली आहे. त्या घरावर नेमलेल्या खुफियाच्या साऱ्या जबान्यांत फक्त पोथीचा उल्लेख आहे. निर्ण्यात शाळा कधी नव्हतीच, तेव्हा ती बंद करण्याचा सवालच येत नाही.

जो खुफिया मागच्या बैठकीत नव्हताच, त्याच्या जबान्या सरकार आता भर सभेत पुढं करत होतं. वकीलसाहेबांनी सरकारचे आभार मानले आणि शेरवानी सावरून खाली बसले.